वरच्या गावाचा पडदा

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळचे ६ वाजून १० मिनिटे.
मेडशी स्टँडच्या बाकावर बसून बॅटऱ्या मोजतो आहे. तीन. तिन्ही भरलेल्या. झोपण्याआधी पाहिल्या होत्या, आता पुन्हा पाहिल्या. कार्ड दोन. लेन्स पुसायचं फडकं एक. भाकरी, ठेचा, पाणी. आसरखेडची काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही. आत्ता मला धरून चार माणसं.

काम एका दिवसाचं आहे, पण आजच व्हायला हवं. स्टुडिओचे मालक दादाराव काका (पुढे दा.का.) यांनी शुक्रवारी स्पष्ट सांगितलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण रोज फोन करतो, त्याला आपल्या स्टुडिओचा गाळा पाहिजे. पासपोर्ट फोटोवर आता लाईटबिलही निघत नाही. म्हणाले, "जत्रेपर्यंत पाहू. मंग तू तुयावालं पाह्य, मी मायावालं पाह्यतो."

जत्रा म्हणजे आसरखेडची, माघ पौर्णिमेची. बरोबर एक महिना.

मी म्हटलं, तिथे नवीन पडदा लावून फोटो काढू. दा.का. म्हणाले, पडदा आहे ना. आहे. अठरा वर्षांपासून तोच आहे. डोंगरावर चढत गेलेलं परदेशी गाव, दगडी घरं, पायऱ्या, कुंड्या, वर एक मनोरा. दा.का. त्याला लंडन म्हणतात. पुण्यात नोकरीला असलेल्या एका नवरदेवाने सांगितलं की हे इटलीतलं आहे. मी सहा वर्षं त्याच्यासमोर उभा आहे. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हापासून. त्यात ४१ खिडक्या आहेत.

मागच्या महिन्यात निराधार योजनेच्या फोटोसाठी आसरखेडच्या पार्वताबाई आल्या. वळून पडदा पाहत बसल्या. म्हणाल्या, "आमचं वरचं गाव असंच हाय. फक्त कुंड्या नाईत."

तेव्हापासून डोक्यात हेच. त्या गावाचा फोटो काढून त्याचाच पडदा छापायचा.

सातवा माणूस आला. निघतो.

तोच दिवस, संध्याकाळ. आसरखेड, मामाच्या ओट्यावर.
पाय सुजले आहेत. क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

खालचं गाव म्हणजे सिमेंटची घरं, शाळा, टाकी. इथून वरचं गाव नीट दिसत नाही, नुसती पांढऱ्या मातीची टेकडी वाटते. वर विहीर नव्हती. बायांनी पिढ्यान् पिढ्या पाणी वर वाहिलं. खाली नळ आला तशी एकेक घर करून सगळे उतरले. कोणी हाकललं नाही. पण जाताना लाकूडफाटा, दारं, चौकटी काढून नेल्या, म्हणून घरं डोळे मिटल्यासारखी... नाही, उलट. उघडी.

पायऱ्या ९४. ढासळलेल्या धरल्या नाहीत.

पार्वताबाई वेशीतच भेटल्या, अकरा शेळ्या घेऊन. रोज वर चारायला आणतात. मी नमस्कार करून कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. बूट नवे होते. म्हणाल्या, हे घालून वर फिरशील तर माझी शेळी हसेल.

वेस दगडी. आत शिरलं की डाव्या हाताला कडुलिंब. तिथून वाट वळत वळत वर जाते, कुठेच सरळ नाही. एकाच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दुसऱ्याचं अंगण. भिंतींत धान्याची बळदं अजून शाबूत आहेत. एका बळदात घुबड होतं, त्याने मला एकच डोळा उघडून पाहिलं. सगळ्यात वर गढीचा एक बुरूज आणि मारुती. मारुतीला ताजं तेल.

मला हे सगळं आधी का दिसलं नाही? आईचं माहेर इथलं. पण आपली जुनी वस्ती वेशीच्या बाहेर, पूर्वेला, सगळ्यात खाली. मामाकडे लहानपणी दर सुट्टीत आलो, पायथ्याला खेळलो, वेशीच्या आत गेलोच नव्हतो. कोणी जाऊ नको म्हटलं नाही. जा असंही कोणी म्हटलं नाही.

आज आत गेलो. प्रत्येक गल्लीत.

दुपारपर्यंत २१२ फोटो. सगळे चांगले आणि एकही कामाचा नाही. भिंत येते तर पायऱ्या सुटतात, पायऱ्या येतात तर बुरूज सुटतो. एक मोठी भिंत मावेना म्हणून कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकत होतो. शेळ्यांमागे आलेल्या पार्वताबाई ओरडल्या नाहीत, हळूच म्हणाल्या, "तठीच थांब. पाय उचलू नको."

मागे वळून पाहिलं. गवताखाली पेव. धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड लहान, आत दोन माणसं उभी राहतील एवढा खोल. माझी टाच काठावर होती.

"मांगं न पाह्यता मांगं चालते, असा माणूस पह्यलांदाच पाह्यला."

मग बसलो. वही काढली. त्यांना विचारलं, हे घर कोणाचं. त्या सांगत गेल्या, मी नंबर टाकत गेलो. घर १, वेशीजवळ, पाटलांचं. घर २, सुताराचं. घर ७, दोन भावांचं, मधल्या भिंतीवरून दोघं आयुष्यभर बोलले नाहीत. घर २३ पार्वताबाईंचं स्वतःचं, चार पायऱ्या, दाराशी कोनाडा. त्या सगळ्यात शेवटी उतरल्या होत्या. विचारलं, तेव्हा वाईट वाटलं का. म्हणाल्या, पाण्याचे हंडे नाही वाहावे लागले तर कोणाला वाईट वाटेल? मग थोड्या वेळाने, शेळ्यांना खालचं गवत आवडत नाही म्हणून वर येते, असं म्हणाल्या.

वेशीच्या आत ५८ घरं भरली. मी पेन थांबवलं. त्या म्हणाल्या, बाहेरची अकरा कोण लिहील? आपल्या वस्तीतली घरं त्यांनी बसल्या जागेवरून नावानिशी सांगितली. एकूण ६९. घर ६४ माझ्या आजोळचं.

तीन वाजता मी कबूल केलं की मला गाव सापडत नाही. तेव्हा त्या हसल्या. "गाव पाह्याचं असन तं गावातून काहून पाह्यतं? म्हसोबाच्या टेकाडावर जाय."

म्हसोबाचं टेकाड समोर, दक्षिणेला, नाल्यापलीकडे. पोचलो तेव्हा ४ वाजून २० मिनिटं. आणि तिथून सगळं. वेस, लिंब, वळणं, धाब्यांच्या पायऱ्या, वर बुरूज. पडद्यावरचं गाव, फक्त आपलं.

पण उशीर झाला होता. पश्चिमेच्या डोंगराची सावली आपल्या वस्तीवर आलेली. बघता बघता अकराही घरं काळी. मग वेस गेली. वरचा अर्धा भाग सोन्यासारखा उजळला, कोणीही तोच फोटो काढला असता. मीही काढला. पाहिला. खाली उजव्या कोपऱ्यात आजीचं घर आहे हे मला माहीत आहे, म्हणून मला दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.

मुक्काम मामाकडे. उद्या सकाळी पुन्हा. दा.का.ना फोन केला. म्हणाले, एक दिवसाचं काम तुला दोन दिवस लागतं.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळचे ८.
म्हसोबाच्या पायथ्याशी लिहितो आहे.

७ वाजून ३८ मिनिटांनी. ऊन उजवीकडून, पूर्वेकडून आलं. आधी आपल्या वस्तीवर पडलं, सगळ्यात आधी, मग वेस, मग वळण वळण वर. चार मिनिटं असं होतं की एकही घर अंधारात नव्हतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, तिवईवर, खाली नाल्याचा मोकळा भाग राहील असा, तिथे माणसं उभी राहतील. नऊ फोटो. सहावा.

सहाव्यात ६९ घरं आहेत. मोजली. दोनदा.

एकट्याने मोठ्याने "झालं" म्हटलं. नाल्यापलीकडून एका शेळीने उत्तर दिलं.

१६ जानेवारी, गुरुवार.
दा.का.नी फोटो संगणकावर मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, लेका, हे आपल्या जिल्ह्यातलं आहे? मी हो म्हटलं. एवढंच. पण त्यांनी चहा स्वतः आणला.

मग चूक दिसली. माझीच. आपला मोठा दिवा डावीकडे असतो. कायम. लाईटचा बोर्ड डाव्या भिंतीवर म्हणून तिथे, अन् बाहेरच्या मांडवातही सवयीने तिथेच. फोटोत ऊन उजवीकडून. माणसावर उजेड एकीकडून, गावावर दुसरीकडून. चिकटवल्यासारखं दिसेल. रविवारी निघतानाच हे माझ्या डोक्यात हवं होतं.

संध्याकाळचा फोटो घ्यायचा तर वस्ती काळी.

दा.का.ना यात काही कठीण वाटलं नाही. त्यांनी एक बटण दाबलं, फोटो आरशासारखा उलटा झाला. ऊन डावीकडे. "पडदेवाले सगळे हेच करतात," म्हणाले.

खरंच, किती सोपं. मी उगाच घाबरतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
अकोला. पडदा छापला, १२ बाय ८. छापणारा म्हणाला, रिंगा ठोकायला कडेची पट्टी दुमडावी लागते, कडेला काय आहे, मातीच तर आहे. कडेला आपली वस्ती आहे. मी म्हटलं, पांढरी पट्टी वेगळी सोडा, एक वीत. तो म्हणाला, कापड वाढेल. वाढू द्या म्हटलं. कैची घेतलेला त्याचा हात मी धरला होता, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज वाईट.

पार्वताबाई मेडशीला काही कामाने आल्या होत्या. कौतुकाने आत बोलावलं, पडदा टांगलेलाच होता. त्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. काही उजळलं नाही. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे.

म्हणाल्या, "हे कोन्तं गाव व्हय?"

मी म्हटलं, मावशी, आसरखेड.

"नाई बाप्पा. लिंब इकून कवा आला? अन् मायं घर तं वेशीतून वर जाताना डाव्या हाताले. मी डोये मिटून जातो. हे कोनाचं तरी दुसरंच हाय."

दा.का. हसून समजावू लागले की बाई, आरशात आपणही उलटेच दिसतो. त्या म्हणाल्या, आरशात मी एकटी दिसते, मला आरशात राहायला जायचं नाही.

गेल्या. चहा घेतला नाही.

पडदा फुकट. जत्रा पाच दिवसांवर. दा.का. म्हणाले, एका बाईच्या बोलण्याने काय होतं, बाकीच्यांना कळणार नाही. बाकीच्यांना? जे सगळे डोळे मिटून चालत होते त्यांना?

तोच दिवस, थोड्या वेळाने.
पडदेवाले सगळे हेच करतात, हे आठवलं आणि मी उठून कंगव्याजवळचा आरसा घेतला. जुन्या इटलीच्या पडद्यापुढे धरला.

त्या गावात एका दारावर छोटी पाटी आहे. तीन अक्षरं. एक ओळखीचं वाटे, बाकी वेडीवाकडी. सहा वर्षं मी समजत होतो की ती त्यांची लिपी. आरशात ती अक्षरं सरळ झाली आणि साधी इंग्रजी निघाली. वाचली.

बार.

दा.का.ना दाखवलं. ते खुर्चीत बसले. अठरा वर्षं साखरपुड्याचे, नामकरणाचे, शाळेतल्या पहिल्या नंबरवाल्यांचे फोटो आपण बारच्या दारात काढले. कोणाला सांगू नको म्हणाले. मग दोघंही इतके हसलो की शेजारचा टेलर पाहायला आला.

हसणं थांबल्यावर मात्र... त्या गावातही कोणी असेल ना, रोज शेळ्या घेऊन चढणारं. त्यांना आपण सहा वर्षं, अठरा वर्षं, उलट्या गावात नेऊन ठेवलं.

दा.का. म्हणाले, "मंग? आता?"

मी म्हटलं, गाव नका फिरवू. दिवा फिरवू. जत्रेत दिवा उजवीकडे लावू. लांब वायरचा एक बोर्ड लागेल. अठरा वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार.
अकोला, दुसऱ्यांदा. छापणाऱ्याने ओळखलं. वस्ती आता उजव्या कडेला. मी काही बोलायच्या आधी त्यानेच विचारलं, एक वीत सोडायची ना?

पैसे माझे. दा.का. देत होते, मी घेतले नाहीत. चूक माझी होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघ पौर्णिमा.
आत्ता संध्याकाळचे ७. शाळेच्या पटांगणात पेटीवर बसून. हे आजच लिहायला हवं.

सकाळी ८ ला पडदा चढवला. दिवा उजवीकडे. माझ्या हाताने फळा रंगवला, "आपल्या घरासमोर फोटो", अक्षरं तपासून घेतली.

११ पर्यंत एकही गिऱ्हाईक नाही. उलट पोरं आली, मोबाइल काढले, पडद्यापुढे उभी राहून आपापले फोटो घेऊन गेली. फुकट. मग त्यांचे मित्र. दा.का. पेटीवर बसून बिड्या मोजत होते. कव्हरवाल्याचा फोन आला, त्यांनी उचलला नाही. मला टाचेमागचं पेव आठवलं.

मग एक म्हातारे गृहस्थ आले, मुलगा-सून नाशिकहून आलेले. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला, बोट फिरवू लागले. सापडेना. मी आडनाव विचारलं, वही उघडली. घर ३१. तिसऱ्या वळणावर, दोन खिडक्या, बाजूला बोरीचं झाड. मी बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा खाली घेतला. खिडकीवर तळहात ठेवून उभे राहिले.

मुलाने मोबाइल काढला. मी म्हटलं, तसं उभं राहिलात तर तुमच्याच डोक्याने घर झाकतं. दोन पावलं डावीकडे या. आजोबा, तुम्ही खाली बसा. घर तुमच्या खांद्यावर येऊ द्या. टक. छापून हातात दिलं. म्हाताऱ्यांनी ते कागदासारखं धरलं नाही, ताटासारखं धरलं.

तिथून रांग.

मी आडनाव विचारायचो, घर सांगायचो. ४, १७, ४०. लोक वहीकडे असे पाहत होते जणू मी तलाठी आहे. एक बाई म्हणाली, तुला कसं ठाऊक, तू तर त्यानंतरचा. घर ७ चे दोन भाऊ, आता दोघंही साठीच्या पुढचे, पडद्यासमोर भांडले. ही भिंत आमच्याकडून आहे. नाही, आमच्याकडून. शेवटी दा.का. म्हणाले, भिंत मधोमध ठेवतो, एक इकडे एक तिकडे उभे राहा. राहिले. फोटो पाहून थोरला म्हणाला, "याचं पोट पाह्य. भिंत ढकलून राह्यला." धाकटा हसला. मामा सांगतो की हे दोघं एका फोटोत पहिल्यांदाच आले.

चार वाजता मेडशीहून आई आली. गर्दीत मागेच उभी राहिली. मी हात धरून पुढे आणली. ती पडद्याच्या मध्ये पाहत होती, वर बुरुजाकडे. मी म्हटलं, तिकडे नाही. उजवीकडे. खाली, कडेला.

दोन भिंती आणि सीताफळाचं झाड. छप्पर नाही. पण उजेड बरोबर त्यावर. आणि कड मोकळी, एक वीत.

आई म्हणाली, "हे त्यायनं कापलं नाई?"

मी म्हटलं, नाही.

तिने पदर सारखा केला आणि उभी राहिली. दिवा उजवीकडून, ऊन उजवीकडून. आई चिकटवल्यासारखी दिसत नाही. तिथली दिसते.

आपल्या वस्तीतल्या अकरापैकी नऊ घरांची माणसं आली. नऊही फोटो झाले.

पार्वताबाईंना शोधलं. त्या शेळ्यांमागे निघाल्या होत्या. पडद्यासमोरून जाताना थांबल्या, लिंबाकडे पाहिलं, मान हलवली. आता बरोबर आहे. मी म्हटलं, मावशी, या, तुमचा फोटो, पैसे नको. म्हणाल्या, "मले रोजच वर जा लागते. मले पडदा कायले?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
सामान परत आलं. पडदा पुसून, कोरडा करून गुंडाळला. जुनाही काढला, त्याच्या नळीवर बाहेरून लिहिलं: उलटा.

दा.का. दुपारी कव्हरवाल्याशी फोनवर बोलले, मला ऐकू येईल असं. थांब म्हटलं, मार्चपर्यंत थांब. मग माझ्याकडे वळले. पोहरादेवीकडून एक जण काल जत्रेत आला होता, त्याला त्यांच्या तांड्याचा असाच पडदा पाहिजे. सगळ्या घरांसकट. "वही घेऊन जाय," म्हणाले. जाताना गल्ल्याजवळ स्टुडिओची चावी ठेवली. नेहमी खिशात घालून नेतात. विसरले की ठेवली, ते विचारलं नाही. चावी माझ्याजवळ आहे.

हिशेब, माझ्यापुरता:
काळीपिवळी, जाऊन-येऊन, दोनदा: १६०
बस अकोला, दोनदा: ३००
दुसरा पडदा: १,४४०
लांब वायरचा बोर्ड: २६०
खर्च एकूण: २,१६०. जत्रेतल्या माझ्या वाट्यातून फिटला, वर ९४० उरले.

देणे:
पार्वताबाई, आसरखेड. एक फोटो. वर, घर २३ च्या दारात, शेळ्यांसकट. सकाळी ये म्हणाल्या, जुने बूट घालून.
इटलीतलं गाव, नाव अजून माहीत नाही. सरळ करून टांगणे.